लोखंडाला लोखंड

अमावास्येला मोटार हाकायची नाही, हे आमच्याकडच्या मोटारवाल्यांचं शास्त्र आहे. त्या दिवशी गाडी धुवायची, नारळ फोडायचा, चाकाखाली लिंबू ठेवायचं आणि गप्प बसायचं. इथवर माझी काही तक्रार नाही. पण पुरुषमाणसांना गप्प बसता येत नाही. म्हणून त्यांनी कराडला लागून मलकापुरात, हायवेच्या कडेच्या माळावर, आवसेचा बाजार काढला. जुन्या मोटारींचं सामान गोणपाटावर मांडायचं आणि एकमेकांत अदलाबदल करायची. पैसे द्यायचे नाहीत, घ्यायचे नाहीत, कारण आवसेला लोखंड विकत घेतलं तर ते पावत नाही म्हणे. लोखंडाला लोखंड द्यायचं. दोघांनी वस्तूवर हात ठेवून 'पावलं' म्हणायचं, की मग आभाळ कोसळलं तरी माघार नाही.

हे शास्त्र ज्याने काढलं त्याला एकदा माझ्यापुढे उभा करा, एवढंच माझं मागणं आहे.

आमचे हवालदार या बाजाराचे जुने भक्त. हवालदार म्हणजे माझे मालक, हंबीरराव. साताऱ्यातलं सगळं गोडोली त्यांना हवालदार म्हणतं, मीही म्हणते. फौजेत अठरा वर्षं त्यांनी लॉऱ्या चालवल्या आणि दुरुस्त केल्या. पेन्शनीत साताऱ्याला आले आणि दुसऱ्याच वर्षी फौजेच्या लिलावातून एक जीप घेऊन आले. म्हणजे फौजेला जी नको झाली, ती आमच्या दारात लिंबाखाली येऊन बसली. तीन वर्षं बसली. कोंबड्या तिच्याखाली अंडी घालत होत्या. हँडल मारलं की ती खोकायची, धूर सोडायची, पेट्रोल गाळायची आणि पुन्हा गप्प. सगळा दोष कार्बोरेटरचा, असं हवालदारांचं निदान. इंजिनाला पेट्रोल आणि हवा मापात पाजणारं ते यंत्र जीपचं तडकलेलं होतं. हवालदार तडीला कपड्याचा साबण चोळून ते बुजवायचे. महिन्याला दोन वड्या साबण जीपला आणि एक माझ्या धुण्याला, असा आमच्या घरचा हिशेब होता.

तरी मी तीन वर्षं फार बोलले नाही. म्हणजे बोलले, पण ते रोजचं. खरी माझी झोप उडाली ती विजयमालेमुळे.

विजयमाला आमची एकुलती एक लेक. कवठे महांकाळच्या पलीकडे सात मैलांवर एका वस्तीवर दिली आहे. जावई फौजेत, आसामच्या बाजूला. घरात सासू राहीबाई आणि दीर. माणसं चांगली, जमीन बरी, पण वस्तीची वाट म्हणजे नुसते धोंडे. दोन वर्षांपूर्वी पोरीला पहिल्यांदा दिवस गेले, तेव्हा सातव्यात तिला माहेरी आणायला आम्ही दोघं गेलो. वस्तीपासून कवठे महांकाळपर्यंत बैलगाडी, पुढे एस्टी. दुपारची एस्टी चुकली असती तर रात्र स्टँडवर काढावी लागली असती, म्हणून गाडी जरा जोरात हाणली. मिरजेला पोचेपर्यंत पोरीला कळा सुरू झाल्या. मिरजेच्या दवाखान्यात सगळं संपलं. तिथल्या व्हरांड्यात मी कोणाला काय काय बोलले ते मला आठवत नाही. माझ्या तोंडाला त्या दिवशी धरबंध नव्हता.

आता पोरीला पुन्हा दिवस गेले होते. विहीणबाईंनी साफ सांगितलं होतं, "आता बैलगाडी बी न्हाई आन एस्टी बी न्हाई. गाडी दारात आणा, मग पोर धाडती." फाल्गुनातल्या पंचमीला सातवा संपत होता. आठव्यात पोटुशीला हलवत नाहीत. म्हणजे पंचमी टळली की बाळंतपण तिकडेच, त्या माळावर, जिथून डॉक्टर सात मैल. साताऱ्यातले टॅक्सीवाले त्या वाटेचं नाव काढलं की हात जोडायचे. उरली ती आमची जीप. ती धोंड्यातून जाणार होती, फक्त सुरू व्हायला हवी होती.

त्यासाठी एक कार्बोरेटर हवा होता. एकच. आणि हवालदारांनी काय केलं ते ऐका.

कार्तिकातल्या आवसेला ते एक भला मोठा डायनामा घेऊन गेले आणि संध्याकाळी कुठल्यातरी मोटारीची मागची सीट डोक्यावर घेऊन आले. मार्गशीर्षात गेले, ते पाट्यांची जोडी घेऊन आले. पाटे म्हणजे चाकावर बसवतात त्या लोखंडी कमानी. पौषात चार टायर आणले, तेही अर्धे झिजलेले. "आवं, कार्बोरेटर?" असं विचारलं की उत्तर ठरलेलं, "तुला काय कळतंय त्यातलं?" मला काही कळत नव्हतं हे खरं. इंजिन धूर ओकतंय आणि हा माणूस जीपचे चांगले पाटे काढून दुसऱ्याचे जुने बसवतोय, हे मला खरोखर कळत नव्हतं. सीट ओसरीवर पडली होती, तिच्यावर मी पापड वाळत घातले. एवढाच तिचा उपयोग.

माघातली आवस आली. पंचमीला पाच दिवस उरलेले. मी पहाटे उठून भाकरी बांधल्या, सुपारीची चंची आणि माझ्या आईचा अडकित्ता पिशवीत टाकला आणि दारात जाऊन उभी राहिले.

"तू कुठं?" हवालदारांनी विचारलं.

"मलकापूरला."

"बायका येत न्हाईत तितं."

"मग आज एक येतीय."

सातची एस्टी धरली. हवालदारांच्या पोत्यात एक जॅक आणि आणखी एक डायनामा. पोतं त्यांच्या पायाशी, पिशवी माझ्या मांडीवर.

माळावर पोचलो तेव्हा बाजार भरला होता. हायवेच्या कडेला धुतलेले ट्रक ओळीने उभे, हार घातलेले. खाली गोणपाटांवर सामान मांडलेलं. चाकं, कंदील, चाव्यांचे जुडगे, कशाची झाकणं, कशाच्या नळ्या. दीड-दोनशे पुरुष उकिडवे बसलेले आणि प्रत्येकाच्या हातात काहीतरी काळं. बाई म्हणून एकटी रंगूबाई, चुलाणावर चहा आणि भजी करणारी. तिने मला बघितलं, कपाळाला हात लावला आणि बसायला फळकूट पुढे सरकवलं.

मला वाटलं होतं, बाजार म्हणजे बाजार. गेलं, वस्तू बघितली, बदली केली, आलं. पण या लोकांची रीत उलटी. इथे ज्याला जे पाहिजे त्याच्याकडे त्याने बघायचंच नाही. तुम्हाला गरज आहे हे समोरच्याला कळलं की तो जास्त मागतो. म्हणून सगळा बाजार नको त्या वस्तू हातात धरून बसलेला. एकजण अर्धा तास एका आरशाला उलटा सुलटा करून बघत होता आणि शेवटी त्याने घेतला पंखा. मला ते बघूनच घाम फुटला.

हवालदार चौदा गोणपाटांपुढे बसून उठले. प्रत्येक ठिकाणी तेच, "काय चाललंय?" "तुमचं काय?" "बरं हाय." "पानी कमी हाय औंदा." मी रंगूबाईच्या फळकुटावर बसून सुपारी कातरत होते. मला राग आला की मी सुपारी कातरते. साडेनऊपर्यंत माझी अर्धी चंची रिकामी झाली होती.

तेवढ्यात पंधराव्या गोणपाटापाशी हवालदार थबकले. सांगलीचे चांदसाहेब तिथे बसले होते, जुन्या गाड्या मोडून सामान काढणारे, पांढरी दाढी, डोक्याला रुमाल. त्यांच्यापुढे रॉकेलने धुतलेला, लख्ख कार्बोरेटर. मी तीन वर्षं त्या तडकलेल्याचं तोंड बघतेय, अस्सल मी लांबूनही ओळखला. हवालदारांनीही ओळखला. आणि मग काय केलं? त्याच्याकडे पाठ करून बसले आणि काच पुसायची दांडी हातात घेऊन तिच्यावर बोलायला लागले. पाच मिनिटं झाली, दहा झाली. दांडी चांगली आहे, रबर जरा कडक आहे, मागे पुण्याला अशीच एक होती.

मी उठले आणि सरळ तिथे गेले.

"आवं चाचा, त्यो कार्बोरेटर आमाला पायजे. आमच्या जीपला. डायनामा देतो बदल्यात. करा पावलं, आन आमाला मोकळं करा."

आजूबाजूच्या चार गोणपाटांवरचं बोलणं थांबलं. हवालदारांनी डोळे मिटून घेतले. चांदसाहेबांनी माझ्याकडे बघितलं, कार्बोरेटरकडे बघितलं आणि सावकाश त्याच्यावर फडकं झाकलं.

"वैनी," ते म्हणाले, "डायनामं माझ्याकडंच तीन पडल्यात. आन ह्येला लय मागनी हाय. मला पितळी भोंगा पायजे. रबरी फुग्याचा, जुन्या लॉरीला असायचा तसला. त्यो आणा, मग बघू."

"भोंगा? ह्या यंत्राला भोंगा?"

"माझी वस्तू, माझी मर्जी," चांदसाहेब म्हणाले आणि दाढी कुरवाळत बसले.

हवालदार मला बाजूला घेऊन म्हणाले, "सांगून टाकलंस? डायनाम्यावर झालं असतं. आता ह्यो चंद्र मागंल."

"तुमी दांडीवर किती दिस बोलनार हुता?"

"तुला काय कळतंय त्यातलं."

मी एक सुपारी तोंडात टाकली आणि दातांनी फोडली, नाहीतर आणखी काही फोडलं असतं.

भोंगा सापडला. अर्जुना नावाच्या कासेगावच्या ड्रायव्हरच्या ट्रकला तो बांधलेला होता, चांगला हातभर, पितळेचा. अर्जुनाला हवा होता जॅक. जॅक आमच्या पोत्यात होता. आता कोणत्याही शहाण्या माणसाला वाटेल की जॅक द्यावा, भोंगा घ्यावा. पण अर्जुनाही फौजेतून आलेला निघाला. झालं. कुठली पलटण, कोणते साहेब, बांगलादेशच्या लढाईत तू कुठं होतास, मी कुठं होतो. लढाई चौदा दिवसांत आटपली होती, यांची दोन तास आटपेना. रंगूबाईचा चहा तीनदा झाला. मध्येच अर्जुनाने जॅक लावून ट्रक उचलून बघितला. खाली घेतला. पुन्हा उचलला.

"अर्जुनभाऊ, उचलतोय की त्यो," मी म्हणाले.

"उचलतोय, पन धरून ठिवतोय का बघाय पायजे वैनी."

मग दोघं बिडी पेटवून, ट्रक जॅकवर किती वेळ राहतो ते बघत बसले. ट्रक राहिला. माझा धीर राहिला नाही. ऊन डोक्यावर आलं होतं, भाकरी पिशवीत वाळत होती, आणि पाच दिवसांनी माझ्या पोरीचा सातवा संपत होता. यातलं एकही त्या दोघांच्या गावी नव्हतं. शेवटी दीड वाजता दोघांनी जॅकवर हात ठेवला, भोंग्यावर ठेवला आणि 'पावलं' म्हणाले.

भोंगा घेऊन पळत चांदसाहेबांकडे गेलो, तर ते नमाजाला गेलेले. सामान तसंच फडक्याखाली. कोणी त्याला हात लावत नव्हतं, मीही लावला नाही, पण त्या फडक्याकडे बघत अर्धा तास काढला. मग चांदसाहेब परत आले, भोंगा हातात घेतला आणि त्याचा फुगा दाबला. माळावरची कुत्री उठून भुंकायला लागली. पुन्हा दाबला. कान लावून ऐकलं. फुग्याला भेग आहे का बघितलं. तिसऱ्यांदा दाबला.

"चाचा, वराडी बोलवायच्यात का?" मी विचारलं.

ते हसले, आणि अखेर फडकं बाजूला केलं. दोघांचे हात कार्बोरेटरवर. 'पावलं.' 'पावलं.'

मी तो जड गोळा हवालदारांच्या हातातून काढून स्वतःच्या पदराखाली घेतला. सांगते ना, मला रडू येईल असं वाटलं. एक कार्बोरेटर, त्याला चार आवसा लागल्या.

"आता चला. तीनची एस्टी मिळती," मी म्हणाले.

"दोन घास खा. मी पोतं बांधतो," हवालदार म्हणाले. सकाळपासून त्यांनी माझ्या खाण्याची चौकशी केली नव्हती, तेव्हाच मला संशय यायला हवा होता. मी कार्बोरेटर पोत्यावर ठेवला, रंगूबाईकडे जाऊन हात धुतले, भाकरी आणि तिची दोन भजी खाल्ली. ती म्हणाली, "मिळालं का एकदाचं?" मी म्हणाले, "मिळालं बाई." एवढाच वेळ. वीस मिनिटंसुद्धा नसतील.

परत आले तर पोतं बांधलेलं होतं. हवालदार त्याच्यावर बसले होते आणि मांडीवर आडवी दोन काळी नळकांडी धरली होती.

"कार्बोरेटर पोत्यात घातला?" मी विचारलं.

त्यांनी नळकांडी मांडीवर सरळ केली.

"आवं, कार्बोरेटर कुठं हाय?"

"नाथाजीला दिला," ते म्हणाले. "ह्ये शॉकअप हायत. जीपला बसतील असलं मी चार महिनं हुडकतोय. त्येला बदली कार्बोरेटरच पायजे हुता. डायनामा घिना. आन त्यो आता निघाला हुता." आणि खालच्या आवाजात म्हणाले, "पावलं म्हनलंय."

मला पुढचं नीट आठवत नाही, पण आवाज माझाच होता. सगळा माळ वळून बघायला लागला. मी म्हणाले, तुम्ही माणूस आहात का कोण आहात. मी म्हणाले, पोर तिकडे धोंड्यांत अडकून पडलीय आणि तुम्ही इथे लोखंडाचे खेळ खेळताय. मी म्हणाले, सीट आणता, पाटे आणता, टायर आणता, आता हे बांबू आणले, सगळी गाडी नटवा आणि लिंबाखाली तिची पूजा घाला. ती चालू होणार आहे का? ती सुरू होऊन पोरीच्या दारात जाणार आहे का? मला एवढंच सांगा.

हवालदार उठले नाहीत. माझ्याकडे न बघता नळकांड्यावरची माती बोटाने पुसत राहिले.

"गाडी बंद पडली म्हून न्हवतं झालं त्ये," ते म्हणाले. "मागल्या बारीला बैल चालतच हुते की. मीच हाणत हुतो."

मी त्यांच्यापुढे मातीत बसले.

"दगडावरनं चाक गेलं की तिचा हात पोटावर जायचा. मी मागं वळून बघत हुतो आन तरी हाणत हुतो. एस्टी चुकंल म्हून." त्यांनी दुसरं नळकांडं पुसायला घेतलं. "कार्बोरेटर काय, साबन लावून चालवीन. बंद पडली तर ढकलत नीन. पन धक्का बसला तर त्येला साबन लावता येत न्हाई. पाटे मऊ हायत त्ये. टायर बी झिजलेलं म्हून मऊ. धक्का गिळनारं शॉकअप तेवढं ऱ्हायलं हुतं."

रंगूबाईच्या चुलाणातलं लाकूड तेवढं तडतडत होतं.

"मिरजंला व्हरांड्यात तू म्हनलीस," हवालदार म्हणाले, "अठरा वरसं सामान वाहिलंसा, मानूस न्यायचं कवा शिकला?"

मी असं म्हटलं होतं. त्यांनी सांगितल्यावर मला आठवलं. शब्द न शब्द माझाच होता, आणि मी तो टाकून विसरून गेले होते. त्यांनी तो दोन वर्षं जपून ठेवला होता, एकदाही मला परत न देता. आणि मी त्यांच्या सीटवर पापड वाळत घातले होते. मला माझाच असा संताप आला की अडकित्ता आणि सुपारी दोन्ही हातात असून कातरायचं सुचेना.

पण माझा स्वभाव असा आहे की मला रडत बसता येत नाही. साबण लावलेला कार्बोरेटर त्या धोंड्यांच्या मधोमध बंद पडला असता, तर मऊ पाट्यांवर बसून माझी पोर कुणाच्या नावानं हाका मारणार होती? धक्का नको हे खरं, आणि गाडी चालू हवी हेही खरं. मी विचारलं, "नाथाजी कोन?"

कोणीतरी बोट दाखवलं. मलकापूरचाच एक उंच, हाडकुळा माणूस, जुनी जीप भाड्याने फिरवणारा, सायकलला पिशवी अडकवून निघण्याच्या बेतात. पण निघाला नव्हता. माझा आरडाओरडा ऐकून थांबला होता. सगळेच ऐकून थांबले होते.

मी त्याच्यापुढे जाऊन उभी राहिले. "दादा, त्यो कार्बोरेटर मला पायजे."

"पावलं झालंय वैनी. माघार न्हाई बसत."

"माघार कोन मागतंय? शॉकअप आमचं आमच्याकडंच ऱ्हाऊ द्या. मी नवी बदली करती. काय पायजे तुमाला?"

तो अवघडला. "डायनामा नगं मला. आन फुकट द्यावं तर आवसेचं फुकट पावत न्हाई." मागून चांदसाहेब येऊन उभे राहिले होते. ते म्हणाले, "वैनी, सकाळीच सांगायचं हुतं की, पोरीपायी पायजे म्हून."

"सांगितलं की पायजे म्हून! तवा तुमी फडकं झाकलं!" मी म्हणाले. चांदसाहेब खाली बघायला लागले.

मग मी नाथाजीपुढे हात केला. हातात आईचा अडकित्ता होता. माझ्या लग्नात तिने दिलेला, मुठीवर मोराची चोच असलेला, बत्तीस वर्षं माझ्या कमरेला किंवा पिशवीत. "ह्ये बी लोखंडच हाय," मी म्हणाले.

मला वाटलं तो लगेच घेईल. पण हा त्या बाजारातलाच माणूस. त्याने अडकित्ता उघडला, मिटला, धारेवरून अंगठा फिरवला आणि म्हणाला, "सुपारी हाय?" मी चंची दिली. त्याने एक सुपारी धरून कातरली. बरोबर मधोमध दोन शकलं झाली. एक त्याने तोंडात टाकलं आणि एक माझ्या हातावर ठेवलं. मग सायकलच्या पिशवीतून कार्बोरेटर काढला. आम्ही दोघांनी त्याच्यावर हात ठेवला, अडकित्त्यावर ठेवला.

"पावलं?"

"पावलं," मी म्हणाले.

पाचच्या एस्टीत कार्बोरेटर माझ्या मांडीवर आणि नळकांडी हवालदारांच्या मांडीवर होती. उंब्रज आलं. मग ते म्हणाले, "आईचा हुता त्यो." मी म्हणाले, "तुमाला काय कळतंय त्यातलं." पुढे साताऱ्यापर्यंत आम्ही खिडकीतून उसाचे फड बघत गेलो.

तीन दिवस हवालदार जीपखालीच होते. पापड काढून मी सीट ऊन दाखवून झाडली आणि त्यांच्या हाताशी दिली. चौथ्या दिवशी सकाळी त्यांनी हँडल मारलं, जीप एकदा खोकली आणि मग अशी लागली की खालच्या कोंबड्या उडून कुंपणावर बसल्या. त्या दिवशीच निघालो, रात्री कवठे महांकाळात मुक्काम केला आणि पंचमीला सकाळी वस्तीवर पोचलो. राहीबाई बाहेर आल्या. जीपभोवती एक फेरी मारली, मागच्या सीटवर हाताचा पंजा ठेवून दोनदा जोर देऊन दाबून बघितलं, आणि पोरीचं गाठोडं आत ठेवलं.

परतीची ती सात मैलांची वाट. विजयमाला सीटवर आडवी, डोकं माझ्या मांडीवर. हवालदार प्रत्येक धोंड्यापाशी गाडी जवळजवळ उभी करत होते, एक चाक उतरवत होते, मग दुसरं. कुठे खाली उतरून दगड उचलून बाजूला ठेवत होते, पुन्हा बसत होते. दोन मैलांना दीड तास गेला. मागून कोणाची तरी बैलगाडी आली, थोडा वेळ आमच्या मागे राहिली आणि मग आम्हाला ओलांडून पुढे गेली. गाडीवाल्याने वळून बघितलं आणि हसला. ऊन चढत होतं, माझे पाय आखडले होते, आणि पुढे सातारा शंभर मैल होतं.

मला असा राग आला. एवढा हळू कोणी मोटार हाकतं का? मी तोंड उघडलं. हात आपोआप पिशवीत गेला, अडकित्ता चाचपायला, आणि अडकित्ता नव्हता.

मी खाली बघितलं. विजयमालेचे दोन्ही हात बाजूला सैल पडले होते. पोटावर एकही नव्हता. ती झोपली होती.

पुढच्या धोंड्यापाशी हवालदारांनी पुन्हा गाडी थांबवली आणि वळून मागे बघितलं. "हाणू का जरा?" त्यांनी विचारलं.

"नगं," मी म्हणाले. "हाय तशीच घ्या."